टिफ नव्हे, राउ

विनी हेदरिंग्टननं मेलेल्या नवऱ्याच्या दाढीच्या वस्तऱ्यानं सेप रेनचे लीक कापले, अशी कुजबूज ऑगस्ट सरता सरता कोल्डरिगमध्ये सुरू झाली. बेकरीत ही कुजबूज निघाली तेव्हा नुसता वस्तरा होता. चर्चच्या पायऱ्यांपर्यंत पोचेस्तोवर त्या वस्तऱ्याला धार लावून झाली होती. आणि बसथांब्यावर तर विनी कापताना हसत होती म्हणे. हे शेवटचं सांगणारी मॅविस. मॅविस बायकांचे केस कुरळे करून द्यायची, आणि चष्मा नसला तर स्वतःचा नवरा कोणता नि कोळशाची बादली कोणती हे तिला हात लावून बघावं लागायचं.

लीक म्हणजे कांद्याच्या कुळातली ती जाड पांढऱ्या बुंध्याची भाजी. बाकीचं जग तिचं सूप करतं. आमच्या डरहॅमच्या खाणगावांत तिच्यासाठी सख्खे भाऊ वेगळे निघालेले आहेत. पाळी संपवून खाणीतून वर आलेला माणूस घरी बायकोचं तोंड बघण्याआधी गावामागच्या वाफ्यावर जाऊन लीकचं तोंड बघतो. लीकना काय पाजतो ते मरेपर्यंत सांगत नाही. कुणी बिअर, कुणी मेंढीच्या लेंड्या भिजवलेलं पाणी, कुणी काळी साखर. आपला वाफा उंच फळ्यांच्या कुंपणाआड, दाराला कुलूप. सप्टेंबरात लीक क्लबच्या प्रदर्शनात टेबलावर मांडले की मगच कुणाचा बुंधा किती जाड ते गावाला कळायचं. अशा गावात लीक कापणं म्हणजे काय गुन्हा असेल, समजून घ्या.

विनी मासे तळायची. वरच्या गल्लीच्या तोंडाशी मासे-चिप्सचं दुकान होतं, तिथल्या कढईमागे ती लग्नाआधीपासून उभी. बुटकी, लालबुंद दंडांची, डोक्याला रुमाल. रांगेतलं माणूस तोंड उघडायच्या आत त्याला मीठ जास्त लागतं की व्हिनेगर हे तिला ठाऊक. आणि गावात कुणाचं कुणाशी जुंपलंय हेही ठाऊक, कारण काल एका पुडक्यात दोघांचे चिप्स नेणारे आज दोन पुडकी मागायला लागले की आणखी काय सांगायला हवं?

आमच्याकडे भांडणाला नाव मिळाल्याशिवाय ते भांडण झालं असं कुणी धरत नाही. सगळ्यात हलकी ती टिफ. नवराबायकोचा रुसवा, मैत्रिणींची कुरबुर, प्रेमातल्या पोरापोरींची फुगलेली तोंडं. टिफ चहाच्या एका कपावर मिटते, आणि मध्ये पडणारा मूर्ख ठरतो. तिच्यावरची आर्जी-बार्जी. ही हुज्जत. रांगेत, डॉमिनोच्या टेबलाशी, तू सरक, मी का सरकू. आवाज मोठा, मुद्दा बारका, शेवट बिअरच्या ग्लासात. मग बार्नी. बार्नीला बघे लागतात. शेजाऱ्यांनी पडदे बाजूला केले नाहीत तर ती बार्नी झालीच नाही. आणि या सगळ्यांच्या वर राउ. राउ झाला की माणसं बाजू घेतात, दोन घरांमधली भांड्याकुंड्यांची उसनवारी थांबते, आणि लीक क्लबचा रिवाज असा की राउ म्हटला की कमिटीनं बसलंच पाहिजे. टिफसाठी कमिटी बसत नाही. बार्नीसाठीही नाही.

कुठल्या भांडणाला काय म्हणायचं ते क्लबचा अध्यक्ष कथबर्ट लम्सडन ठरवी. बारच्या कोपऱ्यात बसून सगळं ऐकून घ्यायचा, पाइप तोंडातून काढायचा आणि एकच शब्द बोलायचा. तो शब्द त्या भांडणाला गोंदल्यासारखा चिकटायचा.

विनीचं आणि तिच्या राल्फचं जे चालायचं त्याला मात्र गावानं आपणहून नाव दिलं होतं, डिंग-डाँग. इकडून एक ठोका, तिकडून एक ठोका, रविवारच्या चर्चच्या घंटांसारखं. भिंतीपलीकडचे लोक ते ऐकायला रेडिओ बारीक करत.

"गाढवा, पाणी मुळाशी घाल म्हटलं होतं ना?"

"मी खुर्चीवर बसलोय गं बाई, पाणी तू घालतेयस!"

"मग नीट सांगत जा ना!"

हेच खरं होतं. खाणीच्या धुळीनं राल्फची छाती कधीचीच बसली होती. वाफ्यापर्यंत तो जाई तो मध्ये दोनदा थांबून, आणि तिथे पोचला की खुर्चीत बसून हुकूम सोडायचा. बी धरायचं, रोपं उबेत वाढवायची, चर खणायचा, बुंधा पांढरा राहावा म्हणून त्याला कागदाची कॉलर बांधायची, गोगलगायी वेचायच्या, सगळं विनीचं. प्रदर्शनातल्या कार्डावर नाव राल्फ हेदरिंग्टन. याबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही. राल्फ होता तोवर ते दोघांचं होतं.

एप्रिलात राल्फ गेला. रोपं तेव्हा खिडकीत बोटभर झाली होती. दफनाहून परत आलेल्या बायका बैठकीत हॅमचे सँडविच खात होत्या, आणि विनी काळ्या कपड्यांतच स्वयंपाकघरात रोपांची कुंडी उन्हाच्या बाजूला फिरवत होती.

जून लागला तेव्हा तिनं सेप रेनला कुंपणाशी गाठलं. सेप क्लबचा सेक्रेटरी आणि वाफ्यावरचा तिचा शेजारी. उंच, वाळका, मिशीला मेण. सगळ्यात जाड लीकचा मान इतकी वर्षं त्याच्याकडे होता की चांदीच्या कपावर दुसऱ्या कुणाचं नाव घालायला जागा ठेवायचंच लोक विसरले होते.

"सेप, यंदा लीक मी मांडणार."

"मांड की. राल्फच्या आठवणीत. मी स्वतः कार्ड लिहितो, काळी किनार लावून."

"राल्फच्या नावानं नाही. माझ्या."

सेपनं पाण्याचा डबा खाली ठेवला. "विनी, क्लब पुरुषांचा आहे."

"लीक कुठे पुरुष आहेत?"

"सभासदच मांडू शकतो. बाई सभासद होत नाही. हा नियम माझ्या बापाच्या वेळेपासूनचा आहे."

"तुझ्या बापाचे लीक पेन्सिलीएवढे असायचे, हेही त्याच वेळेपासूनचं."

पुढं जे झालं ते तीन वाफ्यांवरच्या माणसांनी ऐकलं. संध्याकाळी बारमध्ये सेपनं सगळं कथबर्टच्या कानावर घातलं. कथबर्टनं पाइप काढला. "टिफ," तो म्हणाला. "बिचारीचा नवरा गेलाय. होईल शांत."

दुसऱ्या दिवशी हा शब्द रांगेतून कढईपाशी पोचला. विनीनं झारा हवेतच धरला.

"टिफ? मी काय सेपबरोबर बागेत फिरायला जात होते की काय?"

"अगं, मनावर घेऊ नकोस," मॅविस म्हणाली. "बायकांचं सगळं टिफच असतं त्यांच्या मते. गेल्या वर्षी मी नवऱ्याच्या डोक्यात किटली घातली, तीही टिफच."

"टिफ म्हटलं की कमिटी बसत नाही, मॅविस. कमिटी बसल्याशिवाय मला माझं म्हणणं मांडता येत नाही. आणि सप्टेंबरात माझे लीक घरात सूप होतात." तिनं मासा उलटला. "मला राउ हवाय. राउच करून घेते."

हा निश्चय तिनं भरल्या रांगेसमोर केला. त्यामुळं नंतर कुणाला असं म्हणता आलं नाही की बाई रागाच्या भरात काहीतरी करून बसली.

त्या शनिवारी ती क्लबच्या दारात गेली. बायकांना शनिवारी गाण्याच्या खोलीत येऊ देत, पण नवऱ्यासोबत. दारावरचा म्हातारा म्हणाला, नवरा कुठाय? विनी म्हणाली, चर्चमागे, दगडाखाली, बोलवून आणतोस का? तिथे बराच वेळ तू-मी चाललं. आतून पुरुष बाहेर आले, कुणी तिची बाजू घेतली, कुणी दाराची, शेवटी कुणीतरी तिला फुटपाथवरच शेरीचा ग्लास आणून दिला. तिनं तो न पिता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि घरी गेली. कथबर्टनं पाइप काढला. आर्जी-बार्जी.

एक पायरी चढली होती. विनी खूश नव्हती, पण ती मोजत होती.

मग तिनं शुक्रवार निवडला. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या गावात चूल पेटत नाही. अख्खं गाव मासे-चिप्सच्या रांगेत असतं. सेपचा नंबर आला.

"दोन कॉड, दोन चिप्स, मटार."

"नाही."

"मटार संपले?"

"मटार आहेत. तुझ्यासाठी नाहीत. कॉडही नाही. मी तळलेला मासा तुला चालतो, मी लावलेला लीक चालत नाही. पुढचा कोण?"

शुक्रवारी माणसाला चिप्स नाकारणं! सेपचे कान आधी लाल झाले, मग पांढरे. "घरी बायको ताटं गरम करून बसलीय, विनी!"

"मग ताटं खा."

"हे दुकान तुझ्या बापाचं नाही!"

"क्लबही तुझ्या बापाचा नाही, पण बोलतोस तर तसाच!"

समोरच्या सगळ्या घरांचे पडदे सरकले. सेप ओरडला, विनी ओरडली, कढईतले मासे करपले, दुकानाचा मालक मागच्या खोलीतून डोकावून परत आत गेला. शेवटी सेपनं रिकाम्या हातानं बाहेर पडताना दार असं आपटलं की व्हिनेगरची बाटली आडवी झाली. त्या रात्री रेनांच्या घरी उकडलेली अंडी होती, हेही गावाला सकाळपर्यंत कळलं.

बारमध्ये सगळ्यांचे डोळे कथबर्टकडे. त्यानं बराच वेळ पाइप तोंडातच ठेवला. "बार्नी," तो अखेर म्हणाला. "छान, मोठी, जुन्या पद्धतीची बार्नी. पण बार्नीच."

विनीनं ऐकलं आणि ओठ घट्ट मिटले. आता वरची पायरी एकच उरली होती, पण तिथं जायला तिच्याकडे काही नव्हतं. ती रोज पहाटे वाफ्यावर जायची, लीकना पाणी घालायची, कॉलर वर सरकवायची. बुंधे मनगटाएवढे झाले, मग तिच्या दंडाएवढे. तिचा दंड काही लहान नव्हता.

आणि मग ऑगस्टात ती बातमी. सेपचे लीक गेले.

सेपनं एवढंच सांगितलं, "गेले." बारमध्ये कुणी विचारलं, कसे गेले? सेप ग्लासात बघत राहिला. कुणी म्हणालं, कापले काय? सेपनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बाकीचं काम गावानं केलं. चिप्स कुणी नाकारले होते? शेजारचा वाफा कुणाचा? वस्तरा कुणाच्या घरात धन्याविना पडलाय?

मॅविस धापा टाकत दुकानात आली. "विनी, अगं, लोक काय म्हणताहेत ऐकलंस? तू वस्तऱ्यानं..."

"ऐकलं."

"आणि तू हसत होतीस म्हणे!"

"हे कुणी सांगितलं?"

मॅविसनं पर्समध्ये चष्मा शोधायला सुरुवात केली. "ते जाऊ दे. तू सांग ना सगळ्यांना, मी नाही केलं म्हणून."

"एकेकाला कशाला सांगू?" विनी म्हणाली. "कमिटीला सांगेन. आता तरी बसतील ना?"

क्लबातल्या पुरुषांनी सेपला घेरलं होतं. अरे, लीक कापले म्हणजे काय चेष्टा आहे? आज तुझे, उद्या आमचे. तक्रार कर. सेप म्हणत होता, जाऊ द्या. ते ऐकेनात. मान मिळवून मिळवून ज्याची मान ताठ झालीय त्याला मागे वळून बघणं जड जातं. सेपनं अखेर टेबलावर मूठ आपटली आणि म्हणाला, करतो तक्रार. कथबर्टनं पाइप काढला.

"राउ," कथबर्ट म्हणाला.

विनीला निरोप गेला तेव्हा ती बटाटे सोलत होती. तिनं सुरी खाली ठेवली, हात पुसले, आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

पण कमिटी बसली आणि पहिल्याच वाक्याला अडकली. विनी दारात उभी. कथबर्टनं घसा साफ केला. क्लबच्या रिवाजाप्रमाणे कमिटीपुढं तक्रार येते ती सभासदाची सभासदाविरुद्ध. ज्या नियमानं विनीला इतके दिवस बाहेर ठेवलं होतं तोच आता सेपच्या पायात आला. सभासद नसलेल्या माणसाला कमिटी दोषी धरू शकत नाही, दंड करू शकत नाही, हाकलू तर मुळीच शकत नाही.

"आत नसलेल्याला बाहेर कसं काढायचं?" कुणीतरी विचारलं. एकानं सुचवलं, पोलिसांकडे जा. त्याच्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं की तो परत बोलला नाही. लीकची भानगड पोलिसांकडे! उद्या म्हणाल चर्चमध्ये फुटबॉल खेळू.

बाहेर खिडकीशी अख्खी गल्ली जमली होती. आत सेपच्या कपाळावर घाम. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्याला हे लवकर संपायला हवं होतं. "मग करा तिला सभासद!" तो ओरडला. "आत्ता करा! आणि लगेच हाकला!"

सगळ्यांना हे अतिशय शहाणपणाचं वाटलं. हात वर झाले. कथबर्ट म्हणाला, "मंजूर. विनिफ्रेड हेदरिंग्टन, तू या क्लबची सभासद आहेस. बस."

विनी बसली. पर्स मांडीवर.

"आता," कथबर्ट म्हणाला, "सेपचे लीक तू कापलेस असा आरोप आहे. तुला काय म्हणायचंय?"

"मला ते लीक बघायचेत," विनी म्हणाली. "कापलेले. टेबलावर ठेवा. या खोलीत असा एक माणूस नाही ज्याला पात्याची खूण ओळखता येत नाही."

माना हलल्या. हे रास्त होतं.

"फेकले," सेप म्हणाला.

"कुठं?"

"पुरले. बघवेनात."

"कापलेले लीक कुणी पुरतं, सेप? माणूस ते बारमध्ये आणून सगळ्यांसमोर रडतो."

पुन्हा माना हलल्या, यावेळी जरा सावकाश. विनी उठली. आवाज चढवला नाही. कढईमागे उभं राहून इतकी वर्षं ओरडणाऱ्या बाईचा एवढा खालचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"मी रोज पहाटे माझ्या वाफ्यावर असते. त्या दिवशीही होते. आपल्या मधल्या कुंपणाची एक फळी सैल आहे, सेप. राल्फ तुला कायम सांगायचा, खिळा मार म्हणून. तू बोलतोस, की मी बोलू?"

सेप तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या मिशीचं मेण त्या उकाड्यात वितळून एक टोक खाली आलं होतं.

"तक्रार मागे घेतो," तो म्हणाला.

"का?" कथबर्टनं विचारलं.

"घेतो म्हटलं ना!"

विनी खाली बसली. तिनं पुढं एक अक्षर उच्चारलं नाही. बाहेर मॅविस जवळजवळ खिडकीतून आत पडली तरी नाही. कमिटीनं एकमेकांकडे पाहिलं. तक्रार नाही म्हणजे दोष नाही. दोष नाही म्हणजे हकालपट्टी नाही. कथबर्टनं हिशेब पुन्हा एकदा मनात करून पाहिला, आणि उत्तर तेच आलं तेव्हा त्यानं पाइप तोंडात घातला आणि तो पेटवायचंच विसरला.

"म्हणजे ती..." एकजण म्हणाला.

"सभासद," विनी म्हणाली. "कार्ड मीच लिहीन. काळी किनार नको."

सप्टेंबरात गाण्याच्या खोलीतल्या लांब टेबलावर, पांढऱ्या कापडावर, तिच्या लीकची जोडी बसली. बुंधे धुतलेले, पाती रिबिनीनं बांधलेल्या, पुढं कार्ड: विनिफ्रेड हेदरिंग्टन. परीक्षक शेजारच्या गावचा. त्यानं मापपट्टी लावली, वास घेतला, बोटांनी दाबलं. पहिला मान तिला मिळाला नाही. तिसरा मिळाला, आणि त्यासोबत लोकरी ब्लँकेटची जोडी. ब्लँकेट खांद्यावर टाकून ती रस्त्याच्या मधून घरी गेली, ऊन चांगलं कडक असताना. त्या टेबलावर सेपची जागा रिकामी होती. पुढच्या शुक्रवारी तो रांगेत आला तेव्हा तिनं न विचारता दोन कॉड, दोन चिप्स, मटार बांधून दिले आणि मीठ जास्त घातलं, कारण त्याला तसंच लागतं.

वस्तऱ्याची गोष्ट गावातून गेली नाही. मॅविस अजून सांगते. विनीला कुणी छेडलं, तर ती झारा पुसत म्हणायची, तुझा वाफा कुठं आहे रे? एवढ्यावर माणूस गप्प व्हायचा.

सेप रेनचे लीक कुणी कापले नव्हते. त्यानं त्यांना फार खत घातलं होतं आणि ते उभे फाटले होते. फाटलेला लीक प्रदर्शनात बाद होतो. म्हणून त्यानं ते एका पहाटे स्वतःच उपटून आपल्याच वाफ्यात पुरले.